एका चौकोनात दोनच रंग

मित्रांनो, मला चाळीस पाय आहेत, पण आजवर मी एक पाऊलही चाललेली नाही. मी एक जुनी चिप आहे. घरगुती संगणकाच्या पोटात बसायचं आणि टीव्हीच्या पडद्यावर चित्र काढायचं, एवढंच माझं काम. माझ्या आजच्या नातींना लाखो रंग येतात म्हणे. मला आठ येतात. त्यातही पडद्यावरच्या एका छोट्या चौकोनात मी दोनच रंग भरू शकते. तिसरा आणला की आधीचा एक पुसला जातो. यावरून मी आयुष्यभर टोमणे खाल्ले.

वाळूतून काढलेल्या पातळ चकतीवर केसाहून बारीक रेघा कोरून मला घडवलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी तपासणीतच बाद झाल्या. मी पास झाले, आणि त्याचा तोरा मी अजून मिरवते.

एका हिवाळ्यात गिबी नावाच्या मच्छीमाराने मला दूर उत्तरेच्या थंड समुद्रात, शेटलंडमधल्या व्हाल्सी बेटावर आणलं. वारा सुटला की त्याची बोट धक्क्यालाच बांधलेली असायची, आणि हिवाळ्यात वारा कधी सुटलेला नसायचा? घरी बसून खेळ खेळावेत म्हणून त्याने संगणक घेतला होता. त्याची बायको रॉबिना मात्र फणकारली.

"एकुलता एक टीव्ही अडवून बसलास. आता बातम्या काय मेंढ्यांना विचारायच्या?"

"जरा बघ तरी. चित्र काढते ही. खोट एवढीच की एका चौकोनात दोनच रंग घेते."

रॉबिना सुया खाली ठेवून जवळ आली. "खोट कसली, अरे? आमच्या विणकामाचा नियमच आहे हा. एका ओळीत दोनच धागे. तिसरा घेतलास की गुंता."

मित्रांनो, माझ्या उणेपणाला कोणी गुण म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मग खेळ राहिले बाजूला. रॉबिना माझ्याकडून स्वेटरच्या नक्षी काढून घेऊ लागली. एक ठिपका म्हणजे एक टाका. चुकलं तर उसवायला नको, नुसतं पुसायचं. शेजारणी चहाचे पेले घेऊन बघायला यायच्या आणि मी फुलून जायचे. गिबीसाठी तिने एक खास नक्षी रचली, चौसष्ट ओळींची. ती गाण्यांची असते तसल्या कॅसेटवर साठवली, तेव्हा तीच आमची वही, आणि तिच्यावरून स्वेटर विणला. "कागदावर उतरवून ठेव," असं गिबी म्हणाला होता. "कॅसेट आहे की," म्हणत तिने ते टाळलं.

आणि मग तिने मला मारलं, तेही मायेनेच. खोलीत गारठा फार, म्हणून तिने संगणकाला जाड लोकरीची खोळ विणली आणि तो चालू असतानाच घातली. मी आत भाजत होते. पडद्यावर चित्र थरथरायला लागलं.

"थंडीने कुडकुडतेय बिचारी," रॉबिना म्हणाली आणि वरून एक शालही टाकली.

तासाभरात सगळं काळं झालं. आमची रवानगी खोक्यात, खोकं पलंगाखाली. तिथे आम्ही पस्तीस वर्षं काढली. आपल्याला कोणी विसरलं, याचं दुःख कोळिष्टकांशी तरी किती बोलायचं?

दरम्यान गिबी गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे तो स्वेटर अंगावर घालूनच त्याला निरोप दिला. नंतर रॉबिनाच्या मनाने घेतलं, की लेकीसाठी, ऑस्लासाठी, तीच नक्षी पुन्हा विणायची. तिची बोटं आता वाकडी झाली होती. आणखी एकच स्वेटर निघेल एवढीच त्यांत ताकद होती. आठवणीने तिने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा उसवलं. नक्षी होती फक्त त्या कॅसेटवर, आणि ती वाचून घ्यायला बोटीने परक्याच्या हाती धाडायला ती तयार नव्हती.

ऑस्ला बोटींवरचे रेडिओ दुरुस्त करायची. तिने खोकं ओढलं, झाकण उघडलं, फुंकर मारली. माझ्या शेजारचा एक भाग भाजून गेला होता. तो तिने बदलला.

"आई, थंडीने नाही गं, तुझ्या उबेने आजारी पडली ही."

रॉबिनाने एक बोट माझ्या पाठीवरून हळूच फिरवलं.

कॅसेट किंचाळत फिरली आणि मी कामाला लागले. ओळीवर ओळ नक्षी उमटली. माझ्याजवळ आठवण नसते, मित्रांनो. जे समोर येतं ते मी सेकंदाला पन्नास वेळा नव्याने काढते, म्हणूनच ते दिसत राहतं. फोनने फोटो काढला तर त्यात काळे पट्टेच येत होते, म्हणून रॉबिना चौकटींच्या कागदावर टाके उतरवू लागली. वाकडी बोटं अडत होती, वेळ लागत होता, मी तापत होते. बासष्ट ओळी झाल्या आणि पडदा थरथरला.

"लिही आई, दोनच राहिल्या," ऑस्ला म्हणाली.

रॉबिनाने बटण बंद केलं.

"अगं! टेप जुनी आहे, परत वाजली नाही तर?"

"नाही तर नाही. हिला मी दुसऱ्यांदा भाजणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप खरोखरच तुटली. ऑस्ला डोक्याला हात लावून बसली. पण मी गार होते, ठणठणीत होते, आणि कोरा पडदा उजळून वाट बघत होते. रॉबिनाने खुर्ची पुढे ओढली.

"बासष्ट ओळी तुझ्या बाबाच्या," ती म्हणाली. "या दोन तुझ्या. सांग, रंग कोणते घेऊ?"

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया करा, जरूर करा. पण पांघरूण घालण्याआधी हात लावून बघा, तिला थंडी वाजतेय की ताप चढलाय.

ऑस्लाने निळा आणि पांढरा मागितला. दोनच होते, मी लगेच काढून दिले.