काटा थांबेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे, पण कांदे-बटाटे तोलणारा नव्हे. मी काचेच्या पेटीत राहतो. अंबाल्याच्या कारखान्यात घडलो, गवतात गुंडाळून रेल्वेनं जळगावला आलो आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, भिंतीला लागून बसलो. मला वाऱ्याची झुळूकही सोसत नाही. माझ्यावर प्रयोग सुरू झाला की शिपाई तोतारामभाऊ पंखा बंद करायचे, आणि जळगावच्या उकाड्यात मुलं मनातल्या मनात माझा उद्धार करायची.

माझी रीत सोपी आहे. वजनं चिमट्यानं उचलायची, पेटीचं दार लावायचं, मूठ फिरवून दांडी उचलायची आणि काटा डोलायचा थांबेपर्यंत थांबायचं. हे शेवटचं फार थोड्यांना जमे. बाकीचे दोन हेलकाव्यांत आकडा लिहून मोकळे. काही जण शेजाऱ्याच्या वहीतला आकडा उतरवत. त्यांचा काटा कधी डोलतच नसे.

विषय निवडतानाही माणसं असंच करतात, हे मी पाहून ठेवलं आहे. अकरावी सुरू झाल्यावर विषय बदलायला पंधरा दिवसांची मुदत असे, आणि अर्जावर सही करणारे राणे सर माझ्याच टेबलाशी बसत. गणित ठेवलं तर इंजिनिअर, जीवशास्त्र ठेवलं तर डॉक्टर, दोन्ही ठेवली तर झोपेला रामराम, एवढं सगळ्यांना पाठ. पण खरी कारणं निराळीच. एकानं बेडकाच्या भीतीनं जीवशास्त्र सोडलं. एकाच्या मामाकडे जीवशास्त्राची जुनी पुस्तकं पडून होती, म्हणून भाचा डॉक्टर व्हायला निघाला. आणि खेड्यांवरून येणारी निम्मी मुलं विषय ठरवत ती बसस्टँडवरचं वेळापत्रक बघून.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. मुदतीचा शेवटचा दिवस. यावलकडच्या एका खेड्यातले केळीवाले पितांबरभाऊ आपल्या मुलीला, कोकिळाला, घेऊन आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची म्हैस विताना अडली आणि डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. तेव्हापासून कोकिळाला गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. पण घरच्यांनी तिला गणित घ्यायला लावलं होतं. आज जीवशास्त्र मिळालं नाही, तर ते दार बंद.

"मले जीवशास्त्राचं काही वावडं नाही, सर," पितांबरभाऊ म्हणाले. "पण त्याचं प्रॅक्टिकल पाचले सुटते. आमची शेवटची गाडी पावणेपाचले. मंग पोरगी काय बेडकाजवळ मुक्काम करीन?"

"गणिताचे तास बाराला संपतात, खरं आहे," सर म्हणाले. "पण त्यानं गुरांची डॉक्टर होता येत नाही."

"मंग मास्तरीण होईन. मास्तरणीले गाडी सापडते."

बोलता बोलता त्यांनी माझ्या पेटीतलं एक वजन बोटांनी उचललं. जन्मभर केळीचे घड तोललेला माणूस. तराजू दिसला की हात जाणारच.

"आबा, चिमट्यानं उचला," कोकिळा म्हणाली. "बोटाचा घाम लागला की वजन बदलतं."

"एवढ्यानं? आपल्या काट्यावर व्यापाऱ्याचा पाय असला तरी चालते."

सर हसले. कोकिळा हसली नाही. तिनं प्रयोगवहीचं शेवटचं पान उघडून वडिलांपुढे धरलं.

"गाडी पावणेपाचची आहे. पण सुटते कधी, ते अकरा दिवस लिहिलंय."

मी वरून वाचलं. पाच वीस. पाच पस्तीस. पाच पंचावन्न, ड्रायव्हरचा चहा. पाच वीसच्या आधी एकदाही नाही. कॉलेज ते स्टँड चालत पंधरा मिनिटं. तेही तीनदा मोजलेलं.

"म्हंजे तू रोज बारापासून इथंच थांबत होती?" पितांबरभाऊंनी विचारलं. "अन् आम्ही म्हणतो, गणित लईच लांबतं."

"वाचनालयात बसायचे. साडेचारला स्टँडवर."

पितांबरभाऊंनी एकेक ओळ बोटानं वाचली, मग पुन्हा वरून सुरुवात केली.

"अन् एखाद् दिवशी वेळेवर सुटली तं?"

"तर तुम्ही न्यायला या."

त्यांनी वजन पेटीत ठेवलं, या खेपेला चिमट्यानं, आणि सरांना म्हणाले, "लिवा जीवशास्त्र."

दोन वर्षांत ती गाडी एकदाच वेळेवर सुटली. त्या संध्याकाळी तोतारामभाऊंनी प्रयोगशाळेला कुलूप लावलं नाही, आणि कोकिळा माझ्याजवळ वाचत बसली. गाडीतून ती उतरली नाही, तसे पितांबरभाऊ राजदूत मोटारसायकलवर आले, धुळीनं माखलेले. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आजचं लिहून ठेवलं का?"

पुढे बटण दाबताच आकडा दाखवणारा नवा तराजू आला आणि मी कपाटावर गेलो. माझं एक वजन हरवलं, दार अर्धवट उघडं राहिलं, पारड्यांवर धूळ बसली. शहाण्णव साली गुरांची डॉक्टर कोकिळा राणे सरांना भेटायला आली. तिनं स्टूल ओढलं, माझी काच पुसली आणि दार लावलं. मी काही तोलत नव्हतो, तरी लावलं.

मित्रांनो, तुमच्याही प्रयोगशाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची वजनं बोटांनी उचलू नका, त्याचं दार उघडं टाकू नका. आणि विषयाचा अर्ज भरायचा असेल, तर आधी काटा थांबू द्या. दोन हेलकाव्यांत लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. अकरा दिवस थांबणारी एकच पाहिली, आणि त्या दिवशी माझी काच पुसताना तिच्या हाताला गोठ्याचा वास येत होता.