वाढीचं औषध आणि मी

मी एक जुनी काठी आहे, पण आजवर कुणाच्या पाठीवर पडलेली नाही. माझे काम मोजण्याचे. कुदळीचा दांडा मोडला, तेव्हा वहिनींनी त्याचा धड उरलेला तुकडा घासला, तापल्या सळईने त्यावर बोटाबोटाच्या अंतराने खुणा डागल्या आणि मी जन्मले. डागताना दुखले, पण त्यामुळेच मला किंमत आली.

घरात त्यांना सगळे वहिनीच म्हणत, अगदी सासूबाईसुद्धा. शेती त्या पाहत आणि फवारणी त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, करत. दर आठवड्याला वहिनी मला कपाशीशेजारी उभी करत. आधी झाडाची उंची, मग शेंड्याजवळच्या दोन गाठींमधले अंतर. गाठी लांब लांब पडू लागल्या की समजायचे, झाड पानांच्या मागे लागले, बोंडे विसरले.

त्या वर्षी खालच्या, भरपूर ओलाव्याच्या शेतात तसेच झाले. कपाशी खांद्याला लागली. आत ऊन शिरेना. पाती, म्हणजे कोवळ्या कळ्या, गळू लागली. वरचा उताराचा तुकडा मात्र मुरमाड. तिथली झाडे जेमतेम गुडघ्याएवढी. तो तुकडा वहिनींनी हट्टाने पेरला होता. सासूबाईंनी बजावले होते, "एक वर्ष देते. नाही पिकलं, तर तिथे गुरं चरतील."

खालच्या शेतासाठी वहिनींनी झाडाची वाढ आवरणारे औषध आणले. घरात त्याचे नाव पडले 'वाढीचं औषध'. नेमका त्यांचा पाय मुरगळला. सकाळी त्यांनी अंथरुणावरूनच भाऊजींना सांगितले, "वाढीचं औषध मारून या. काठी न्या. मोजून मगच मारा."

भाऊजींनी मला नेले खरे, पण माझ्या टोकाने बादलीतले औषध ढवळले! मित्रांनो, मी बादलीत गरगर फिरले. काठीला दुसरे काय जमते? पंप पाठीवर चढवून ते थेट उताराकडे निघाले. वाढीचे औषध वाढ खुंटलेल्यांना द्यायचे, असा त्यांचा सरळ विचार.

दोन ओळी झाल्या आणि बांधावरून हाक आली. वहिनी लंगडत येत होत्या.

"भाऊजी, थांबा! इथे मारायला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, वाढीचं औषध! ही बिचारी वाढत नाहीत, म्हणून..."

"अहो, ते वाढवत नाही, आवरतं! धावणाऱ्याला लगाम घालायचा की लंगड्याला?"

भाऊजींनी त्यांच्या सुजलेल्या पायाकडे पाहिले. "लंगडं माणूसही काही कमी धावत नाही, वहिनी."

वहिनींना हसू आले, पण त्या मटकन बांधावर बसल्या. "किती ओळी झाल्या?"

"दोनच. शपथ."

"मग वाचलो. चूक माझीही आहे. नावच उलटं पडलं त्याचं."

भाऊजींनी मला धुतले, खालच्या शेतात नेले आणि पहिल्यांदाच वाकून एकेक झाड मोजले. मग बाटलीवर लिहिले होते तेवढेच औषध घेऊन फवारले. पुढच्या गाठी जवळजवळ आल्या, पानांमधून ऊन खाली उतरले, पाती टिकली. उतारावरच्या त्या दोन ओळी तशाच खुजट राहिल्या. बाकीची झाडे मात्र हळूहळू बोंडांवर आली. वेचणीच्या दिवशी सासूबाई स्वतः चढण चढल्या. एक फुटलेले बोंड त्यांनी बोटांनी मोकळे केले, बराच वेळ चोळून पाहिले आणि म्हणाल्या, "गुरांसाठी दुसरी जागा बघा."

आता मी म्हातारी झाले. कधी कधी उन्हापावसात बांधावरच राहते, खुणा पुसट होतात. मित्रांनो, मोजायची साधने सावलीत ठेवा, ही माझी विनंती. आणि औषध रोपाचे असो की माणसाचे, त्याचे काम विचारल्याशिवाय झाकण उघडू नका. विचारण्यात लाज कसली? इतक्या वर्षांनंतरही भाऊजी बाटली हातात धरून अंगणातून ओरडतात, "वहिनी, हे नक्की करतं काय?" आणि वहिनी हातातले काम टाकून बाहेर येतात.