चार भोकांचे पान

मी एक जुना स्टेपलर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. जन्मापासून तो तसा नव्हता. कारखान्यातून चकचकीत होऊन निघालो तेव्हा दोन कागद एकत्र आणणे मला मोठे पुण्याचे काम वाटे.

माझी नेमणूक कामगार खात्याच्या बैठकीच्या खोलीत झाली. कामाच्या जागी माणूस सुरक्षित राहावा म्हणून अनेक देश मिळून नियम ठरवतात. ते आपण स्वीकारावेत का, हे सरकारने मालकांना आणि कामगारांना विचारायचे आणि दोघांचे म्हणणे वर कळवायचे. त्यासाठी तिन्ही बाजू त्या लांब टेबलाभोवती बसत. आल्याआल्या हजेरीच्या वेगळ्या पानावर सह्या होत. शेवटी हेडक्लार्क ते पान अहवालामागे ठेवून मला दाबत. "याच्यासारखा घट्ट कोणी टाचत नाही," असे ते म्हणत आणि मी फुलून जाई.

एका बैठकीत कामगारांच्या वतीने आलेल्या, बाइंडिंगच्या कारखान्यातल्या बाईंनी एकच मागणी लावून धरली. कागद कापायच्या यंत्राला जाळी हवी, जाळीशिवाय ते कोणाला चालवायला लावू नये, हा नियम आपण स्वीकारावा. त्यांच्या धाकट्या बहिणीची दोन बोटे त्या पात्याखाली गेली होती, आणि ती अजून त्याच यंत्रावर होती.

सगळे गेल्यावर हेडक्लार्कनी माझ्याच मागच्या, पिना काढायच्या शेपटीने पिन उपसली. सह्यांचे पान सोडवून दुसऱ्याच अहवालाला लावले. त्यात लिहिले होते, 'नियमाची घाई नाही, यावर सर्वांचे एकमत.' त्यांनी मला दाबले आणि मी मुकाट्याने टाचले. तेव्हापासून माझा कोणावर विश्वास नाही, स्वतःवर तर नाहीच.

पुढच्या बैठकीत बाईंनी जुना अहवाल मागून घेतला. वाचण्याआधीच त्यांनी सवयीने कोपऱ्यावरून बोट फिरवले.

"साहेब, सह्यांच्या पानाला चार भोकं कशी?"

"अहो बाई, पिन वाकडी बसली असेल. दुसरी मारली," हेडक्लार्क म्हणाले.

"मग अहवालाच्या बाकीच्या पानांनाही चार हवीत. त्यांना दोनच आहेत. वीस वर्षं कागदच शिवतेय मी."

मालकांच्या प्रतिनिधींनी चष्मा चढवला. "दाखवा बरं इकडे. अहो, मी दोन वर्षांची मुदत मागितली होती. जाळी नको असं कुठं म्हणालो?"

सरकारी अधिकारी घसा खाकरून म्हणाले, "झालं गेलं सोडा, आधी सह्या करा."

"आज सही शेवटी," बाई म्हणाल्या. "आम्ही काय बोललो ते हातानं लिहा. सही त्याच्याच खाली, त्याच पानावर."

तसेच झाले. जाळी हवी, मुदत हवी, दोन्ही म्हणणी एका पानावर आली आणि खाली तिघांच्या सह्या. टाचायला काही उरलेच नाही.

मी ड्रॉवरमध्ये गेलो आणि गंजू लागलो. वाईट वाटले, पण त्या बहिणीची उरलेली बोटे आठवली की बरेही वाटे.

काल मात्र ड्रॉवर उघडला. हेडक्लार्कनी मला पुसले, तेल दिले आणि माझ्या पोटात नव्या पिना भरल्या. जाळीच्या नियमाची पुढची बैठक उद्या आहे. मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण सही कराल ते पान जपा, आणि कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवून बघा.