चावी डब्यात राहिली

बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्टर होते. छत्तीस वर्षं लोकांना "ऐकू येतंय का?" विचारलं आणि निवृत्त झाले. मग हाच प्रश्न घरात विचारायला लागले, तेव्हा आईने मला फोन केला, "यांना काहीतरी उद्योग लाव रे."

मी त्यांच्या संगणकावर प्रोब बसवला. प्रोब म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. जगभर हजारो घरांत तो चालतो, दर चार मिनिटांनी लांबलांबच्या यंत्रांना "आहात का?" विचारतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते एका संशोधन संस्थेला कळवतो. बाबा खूश झाले. माणूस मध्ये न येता लाइन तपासायला मिळणं हे त्यांचं जुनं स्वप्न होतं.

संस्थेने प्रोबला पाच आकडी नंबर दिला. त्या नंबराखाली वेबसाइटवर रोजचा आलेख दिसू लागला. त्यात दर गुरुवारी अकराच्या सुमारास एक खड्डा असे. आई टेबल पुसायची आणि पुसताना प्लग काढायची.

"अगं, तिथे जगाची मोजमापं चाललीयत!"

"मग जगाला म्हणावं, जरा पाय वर घे."

आई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून रेघ सपाट. बाबा मात्र रोज सकाळी आलेख मागे मागे सरकवत खड्ड्यांपर्यंत जाऊन यायचे. "हा बघ केवढा. त्या दिवशी पडदेही काढले होते तिने."

गेल्या महिन्यात ताईने त्यांना नवा संगणक आणला. प्रोब हलवायचं काम माझ्याकडे आलं. बाबांची अट एकच. "नंबर तोच राहिला पाहिजे. त्याच रेघेला पुढची रेघ."

"बाबा, मी ऑफिसात दिवसभर हेच करतो."

खरंच करतो. प्रोब मी कंटेनरमध्ये ठेवला होता. कंटेनर म्हणजे संगणकातला बंद डबा. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान आत. डबा कधीही टाकून द्यावा, मिनिटात तसाच दुसरा काढावा, हेच त्याचं कौतुक. फक्त जपायची वस्तू डब्याबाहेर ठेवायची. या विषयावर मी दरवर्षी नव्या लोकांसमोर भाषण देतो. नंतर चहा असतो, म्हणून ते शेवटपर्यंत थांबतात.

नव्या संगणकावर नवा डबा काढला, जुना टाकला, जुनी डिस्क कोरी केली. नवा प्रोब झटक्यात सुरू झाला. नव्या नंबराने.

प्रोबची ओळख एका फाइलमध्ये असते. तिला चावीच म्हणतात. ती बाहेर ठेवायची पहिल्याच दिवशी राहून गेली होती. सात वर्षं ती डब्यात होती.

"नंबर?" बाबांनी चष्मा लावला.

मी सांगितलं.

"म्हणजे चावी डब्यात ठेवलीस आणि डबा टाकलास."

"हो."

"आणि याचा तुला पगार मिळतो."

संस्थेला लिहिलं. उत्तर फार सभ्य होतं. जुनी मोजमापं कुठेही जाणार नाहीत, कधीही बघता येतील. चावीशिवाय तो नंबर मात्र पुन्हा सुरू होणार नाही. बाबांनी दोनदा वाचलं. "आम्हीही असंच लिहायचो," एवढंच म्हणाले.

आठवड्याने संस्थेचा मेल आला. जुन्या नंबराबद्दल. 'तुमचा प्रोब बरेच दिवस दिसला नाही. सगळं ठीक आहे ना?' खाली दोन बटणं: 'पुन्हा जोडतो' आणि 'कायमचा बंद'.

मी गुन्हेगाराच्या तत्परतेने माउस धरला. "बंद करून टाकतो. नाहीतर दर आठवड्याला येत राहील."

"दर आठवड्याला?"

"यंत्रच पाठवतं हो."

"हात काढ."

"अहो, पण काहीतरी उत्तर द्यायला नको?"

"उत्तर दिलं की विचारायचं बंद करतील." बाबांनी मेल पुन्हा वरपासून वाचला. "तिची चौकशी करतायत ना? करू देत."

प्रोब पुल्लिंगी आहे. मी दुरुस्ती केली नाही.