फणसाच्या खोडाची हाक

मित्रांनो, फणसाचे खोड बोलते म्हटले तर तुम्ही हसाल. पण मी जावा बेटावरच्या एका खेड्यातला जुना कंटोंगान आहे. पोकळ खोड, पोटाला उभी चीर, शेजारी दांडके. शाळेसमोरच्या गस्तीच्या चौकीत मी टांगलेला असतो. माझे सलग ठोके पडले की चोर आला समजायचे आणि काठ्या घेऊन धावायचे. आधी मार, मग विचारपूस, ही आमच्याकडची रीत. चोर सापडला की लोक माझी पाठ थोपटत आणि मी फुशारून जाई.

एका दुपारी कार्सोआजोबांचा कोंबडा कोणीतरी पळवला. आजोबांनी मला बडव बडव बडवले. चोर म्हणजे नववीतला दामार होता. शाळेच्या फाटकाशी भजीवाला चोरून नशेच्या गोळ्या विकायचा, त्या घ्यायला दामारला पैसे हवे होते. गावाने त्याला चिखलात पाडून बांबूंनी झोडपले. दात पडले, कानातून रक्त आले, तरी तो हसतच होता.

“हसतोय बघा मेला! घाला अजून!”

शाळेतल्या शिक्षिका लास्मीबाई धावत आल्या आणि त्याच्या अंगावर आडव्या पडल्या. शेतातून आलेल्या तुकिजोचा बांबू त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

“अरे, तो नाही हसत, पोटातल्या गोळ्या हसतायत!” बाई किंचाळल्या. “तुकिजो, नीट बघ! तुझाच पोरगा आहे!”

चिखल पुसल्यावर बापाने तोंड ओळखले. त्या दिवशी मला माझ्याच आवाजाची किळस आली.

दामार वाचला, पण त्याचा एक कान कायमचा बहिरा झाला. संतापलेले गाव भजीवाल्याचे घर जाळायला निघाले, तेव्हा लास्मीबाई मोडका हात गळ्यात बांधून आडव्या उभ्या राहिल्या.

“त्याला पोलिसांकडे द्या. पण उद्या दुसरा विकणारा येईल. अशी पोरं आम्ही शाळेतून हाकलतो, तुम्ही ठोकून काढता. मग त्यांनी जायचं कुठे? त्याच्याचकडे ना?”

कार्सोआजोबा म्हणाले, “मग ह्या खोडाला नवा ठोका शिकवू या.”

दोन जोरात, एक हळू. म्हणजे आपले पोर अडचणीत आहे, रिकाम्या हातांनी या. शिक्षकांनी, आईबापांनी, दवाखान्यातल्या सुईणीने तो पाठ केला.

परवा सकाळी चौकीमागच्या घरातली शेजारीण धावत आली. तिच्या दंडातून रक्त गळत होते. मुलीच्या, सेकारच्या दप्तरात गोळ्या सापडल्या होत्या. आईने त्या काढून घेताच सेकारने तिच्यावर विळा चालवला होता आणि आतून कडी लावून घेतली होती. आईने दांडके उचलले आणि ती थबकली. गाव मारील की काय? मग तिने नवा ठोका दिला.

लोक आले. तुकिजोने कोयता बांधावरच टाकला होता. सगळ्यांच्या आधी पोहोचला तो एका कानाचा दामार. तो दाराशी मांडी घालून बसला.

“सेकार, मी दामार. विळा राहू दे हातात. मी इथेच आहे.”

मित्रांनो, तुमचा सोबती असा बुडू लागला, तर झाकू नका आणि झोडपूही नका. हाक मारा. त्या सकाळी कडी निघायला फार वेळ लागला, पण दारातून एकही माणूस हलला नाही.