उचलून नेलेलं घर

बार्बाडोसच्या किनाऱ्यावर जुनं हॉटेल पाडून बांधलेल्या नव्या इमारतीत, पाचव्या मजल्याच्या गॅलरीत व्हर्लीन उभी होती. चाळीस वर्षं लंडनमध्ये नर्स म्हणून राबून ती कायमची परतली होती. समोरच्या निळाईने तिला गुंगी आली आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिच्या लहानपणीचं लाकडी घर तरंगत आलं. घर आपलं, जमीन दुसऱ्याची. मालकाला हॉटेलसाठी जागा हवी झाली, तेव्हा बाबांनी फळ्या सोडवून अख्खं घर ट्रकवर चढवलं होतं. सहा वर्षांची व्हर्लीन खिडकीची चौकट कवटाळून त्या ढिगावर बसली होती आणि चौकटीतून समुद्र संथपणे मागे मागे जात होता.

“मॅडम, इथे जमिनीतही तुमचा हिस्सा; इथून तुम्हाला कुणी उठवणार नाही,” फ्लॅट दाखवणारा म्हणाला.

“आणि शेजाऱ्यांशी नाही पटलं तर?” सोबत आलेली धाकटी बहीण इस्मे फणकारली. “हे सिमेंटचं खोकं उचलून कुठे नेणार आहेस, ताई?”

“एकदा नेलं होतं की, इथूनच! तू पाळण्यात होतीस तेव्हा.” व्हर्लीनने सहीसाठी पेन मागून घेतलं. “आता परत आणून ठेवतेय.”