यादीबाहेरचं वाक्य

"शत्रू, झोपलात की काय?" तारेच्या फोनवर चाचणीप्रमुख मॅडमचा आवाज आला.

"जागाच आहे मॅडम. शत्रूला झोप कुठली?"

"पाच मिनिटांत सुरू करू. आज काही झालं तरी पार पाडायचंय."

टेकडीवरच्या जुनाट गाडीत, मांडीवर शब्दांची यादी घेऊन तो बसला होता. त्याला चांगलं नाव होतं, पण कचेरीत त्याचा उपयोग हजेरीपुरताच. पायदळासाठी जॅमर, म्हणजे शत्रूचं वायरलेसवरचं बोलणं खरखरीत बुडवणारी यंत्रं, बनवणाऱ्या त्या संस्थेत तो वीसेक वर्षं शत्रूचं काम करत होता. म्हणजे टेकडीवर बसून वायरलेसवर एकेक शब्द वाचायचा. खाली माळावरून जॅमरची गाडी खरखर सोडणार आणि पलीकडच्या तंबूत हेडफोन लावून बसलेला त्याचा जोडीदार ऐकू येईल तेवढं लिहून घेणार. जोडीदाराला सगळे 'कान' म्हणत. कानाला जितकं कमी कळेल तितका जॅमर चांगला. "घरी माझं कोणी ऐकत नाही, ते सोडा," तो नव्या पोरांना सांगायचा, "इथं तर कोणी ऐकलं नाही की टाळ्या पडतात."

घोडं पेंड खात होतं ते कानापाशी. मागच्या चाचणीत दुसऱ्या कोणाला चार शब्दही लागले नव्हते, आणि या पठ्ठ्याने निम्म्याहून जास्त शब्द बिनचूक लिहिले. तरुण इंजिनिअर चिडले. "मॅडम, यांना बदला. यांना तो आवाज पाठ झालाय."

तेव्हा चाचणी बघायला आलेले कर्नलसाहेब म्हणाले होते, "आमच्या जवानांनाही आपल्या साहेबाचा आवाज पाठ असतो. समोरच्यांनाही असणारच. या माणसाला ऐकू येतंय तोवर हे यंत्र मला नको."

त्यानंतर मॅडमनी वर्षभर जिवाचं रान केलं. शत्रूला खोलीत बसवून तासन् तास बोलायला लावलं, त्या आवाजाचे बारीक तुकडे केले आणि तेच खरखरीत मिसळले. त्याचाच आवाज त्याच्या आवाजावर सोडायचा. या कामात मॅडमचे केस पांढरे झाले. आज जमलं नाही तर सगळं गुंडाळून गोदामात जाणार होतं. जमावं, असं त्यालाही मनापासून वाटत होतं. अर्धं आयुष्य त्याने या माळावर घालवलं होतं.

पण यादी संपली की तो एक वाक्य पदरचं बोलायचा. सुरुवात सहज झाली होती. बसून बसून कंटाळला आणि "पाठ मोडली रे" एवढंच म्हणाला. कानाने ते कागदावर लिहिलं नाही, पण संध्याकाळी फाटकापाशी काही न बोलता मलमाची डबी त्याच्या हातात ठेवली. मग ती रीतच पडली. आई गेली ते, मुलगी भांडून घर सोडून गेली ते, बायकोचं दुखणं निघालं ते, सगळं त्याने असंच सांगितलं. समोरासमोर दोघं बसच्या वेळांपलीकडे जात नसत आणि फोनवर तर "येतोस ना?", "येतो" की संपलं. खरखरीच्या आडच त्याची जीभ सुटायची. बाकीच्यांना नुसती खरखर ऐकू यायची, आणि तेच बरं होतं.

काल संध्याकाळी बायकोच्या डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता यांना घरी घेऊन जा. मुलीला कळवायचं धैर्य झालं नाही. आज यादी संपली की कानाला सांगायचं, एवढं ठरवून तो टेकडी चढला होता.

"सुरू करा," मॅडम म्हणाल्या.

"दार," तो वाचू लागला. "काठी. उजेड. पाणी." दर शब्दानंतर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढचा वाचायचा. शेवटचा शब्द झाला. त्याने बटणावरचा अंगठा उचलला नाही.

"अरे, डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आता काही करण्यासारखं नाही. ती विचारते, मी बरी कधी होणार? मी तिला काय सांगू रे?"

त्याने बटण सोडलं.

बऱ्याच वेळाने तारेचा फोन वाजला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. "शत्रू, कोरा!" मॅडम हसत होत्या की रडत होत्या, कोण जाणे. "कागद अगदी कोरा!"

"अभिनंदन मॅडम," तो म्हणाला. ते खरंच होतं. त्यांच्यासाठी त्याला आनंद झाला. मग मांडीवरच्या यादीची घडी करून त्याने ती खिशात टाकली.

थोड्या वेळाने कान धापा टाकत टेकडी चढून आला. काखेत चहाचा थर्मास होता.

"जिंकलो की रे! नुसता तूच तू, चहूकडून तूच. पण काय बोलतोयस ते काही केल्या कळेना." त्याने चहा ओतला, पेला पुढे केला आणि आवाज खाली आणला. "शेवटचंही नाही लागलं. काय म्हणालास?"

इतक्या वर्षांत कानाला असं कधी विचारावं लागलं नव्हतं. शत्रूने तोंड उघडलं. समोर कानाचा घामाने डबडबलेला, आनंदी चेहरा होता.

"काही नाही रे. वारं गार सुटलंय, म्हणालो."

कानाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला.

"अरे, तू?"

"मला नाही वाजत. घाल." तो शेजारी टेकला. "वहिनी?"

"आहे," शत्रू म्हणाला.

खाली माळावर पोरं अँटेना उतरवत होती, एकमेकांना हाका मारत होती. त्याने कोट घातला. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या. त्याने त्या दुमडल्या नाहीत, तशाच हातांनी पेला धरून चहा प्यायला.